लेटरमनची खुर्ची: वारस सात दिवसांत ठरला, कार्यक्रम बसायला दीड वर्ष लागलं

३ एप्रिल २०१४, गुरुवार. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या एड सलिव्हन थिएटरात 'लेट शो' या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण चालू असताना त्याचा होस्ट डेव्हिड लेटरमन याने समोरच्या प्रेक्षकांना सांगून टाकलं की २०१५ मध्ये आपण थांबणार. सीबीएस वाहिनीचा प्रमुख लेस मूनव्हेस याला त्याने आधीच फोन केला होता. भाग दिसणार होता रात्री, पण आर.ई.एम. बँडचा माइक मिल्स त्या दिवशी थिएटरात होता. त्याने ट्विट केलं आणि रात्रीपर्यंत बातमी शिळी झाली. १० एप्रिलला सीबीएसने वारसाचं नाव जाहीर केलं: कॉमेडी सेंट्रल या केबल वाहिनीवरचा विनोदकार स्टीफन कोलबेअर, करार पाच वर्षांचा.

बावीस वर्षांपूर्वी 'टुनाइट शो'च्या जॉनी कार्सनच्या जागेवरून एनबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीत महिनोन्‌महिने कारस्थानं चालली होती. त्या मानाने सात दिवस म्हणजे काहीच नाही. पण सगळ्यांत विनोदी कोण, हा प्रश्न त्या सात दिवसांत फारसा कुणी सोडवत नव्हतं. कुणाचा करार कधी संपतो आणि कार्यक्रम कुणाच्या मालकीचा, या दोन गोष्टींनी बहुतेक निर्णय आधीच करून ठेवला होता. खुर्चीवर बसणारा माणूस बरोबर निवडला गेला. खुर्चीमागची व्यवस्था कुणी निवडलीच नाही, आणि पहिली दीड वर्षं कार्यक्रम अडखळला तो तिथे.

वेळ कुणाची, कार्यक्रम कुणाचा

अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर रात्री ११ ला स्थानिक केंद्रांच्या बातम्या लागतात आणि ११:३५ ला वाहिनीचा गप्पांचा कार्यक्रम. ही स्थानिक केंद्रं बहुतांशी वेगळ्या कंपन्यांच्या मालकीची असतात, वाहिनीशी फक्त संलग्न. त्यांची कमाई बातम्यांवर अवलंबून असते. त्यामुळे बातम्यांच्या आधी किंवा नंतर काहीही ढासळलं की पहिला फोन त्यांचाच येतो. रात्रीच्या होस्टची अदलाबदल ही कागदावर वाहिनीची अंतर्गत बाब. खरं तर नकाराधिकार या केंद्रांकडेही असतो, आणि तो एनबीसीला फार महागात पडला होता.

तो प्रसंग सीबीएसच्या डोळ्यांसमोर ताजा होता. सप्टेंबर २००४ मध्ये एनबीसीने जाहीर केलं की पाच वर्षांनी जे लेनो 'टुनाइट शो' सोडेल आणि कोनन ओब्रायन येईल. ओब्रायन दुसऱ्या वाहिनीकडे जाऊ नये म्हणून दिलेलं हे वचन. पण २००९ उजाडलं तेव्हा लेनो पहिल्या क्रमांकावरच होता आणि त्यालाही प्रतिस्पर्ध्यांच्या हाती द्यायची वाहिनीची तयारी नव्हती. मग जून २००९ पासून ओब्रायन ११:३५ ला आणि सप्टेंबरपासून लेनो रोज रात्री १० वाजता, अशी एका म्यानात दोन तलवारी घालायची शक्कल निघाली. दहाचा कार्यक्रम पडला, त्याच्या मागोमाग स्थानिक बातम्यांचे प्रेक्षक गळाले, केंद्रांनी बंड केलं. जानेवारी २०१० मध्ये लेनोला ११:३५ चा अर्धा तास देऊन ओब्रायनला १२:०५ ला ढकलायचा प्रस्ताव आला. ओब्रायनने तो नाकारला आणि सुमारे साडेचार कोटी डॉलर घेऊन तो बाहेर पडला. त्यातले सव्वातीन कोटींच्या आसपास त्याचे आणि उरलेले त्याच्या माणसांचे. मार्चमध्ये लेनो परत जुन्या जागी.

त्यातून इतर वाहिन्यांनी दोन गोष्टी टिपल्या. वारसाची तारीख निवृत्त होणाऱ्याच्या इच्छेशिवाय ठरवायची नाही. आणि जाणारा माणूस इमारतीत घोटाळत ठेवायचा नाही.

सीबीएसची अडचण मात्र निराळी होती. एनबीसीकडे 'टुनाइट शो' १९५४ पासून आहे. होस्ट येतात, जातात, कार्यक्रम वाहिनीचाच राहतो. सीबीएसचा 'लेट शो' ३० ऑगस्ट १९९३ ला लेटरमनबरोबरच जन्मला. त्याआधी या वेळेत वाहिनीचा प्रयोग फसला होता आणि गुन्हेकथांच्या मालिका लावून वेळ भरली जात होती. लेटरमनला आणण्यासाठी सीबीएसने त्याला वर्षाला एक कोटी ४० लाख डॉलर देऊ केल्याच्या बातम्या होत्या, आख्खं एड सलिव्हन थिएटर विकत घेतलं, आणि कार्यक्रमाची मालकी त्याच्याच 'वर्ल्डवाइड पँट्स' या कंपनीकडे राहू दिली. सीबीएस परवाना शुल्क भरायची आणि जाहिराती विकायची. शिवाय पुढच्या तासाचा, म्हणजे १२:३५ चा ताबाही लेटरमनकडे होता. क्रेग फर्ग्युसनचा कार्यक्रम त्याचीच कंपनी काढत असे.

म्हणजे लेटरमन गेला की होस्ट जात नव्हता, दोन तासांचा मालक जात होता. निवृत्तीच्या बातमीने सीबीएसमध्ये नुसतं दुःख झालं असेल असं समजायचं कारण नाही. एकवीस वर्षांनी वाहिनीला ११:३५ आणि १२:३५ दोन्ही स्वतःच्या मालकीचे करायची संधी मिळत होती.

एप्रिल २०१४: यादी आणि तिची चाळण

बाजाराची स्थिती अशी. जिमी किमेल जानेवारी २०१३ मध्ये एबीसीवर ११:३५ ला आला होता. लेनो ६ फेब्रुवारी २०१४ ला कायमचा गेला, १७ फेब्रुवारीला जिमी फॅलनने 'टुनाइट शो' न्यूयॉर्कमधून सुरू केला आणि बघता बघता मोठी आघाडी घेतली. लेटरमन ६६ वर्षांचा, फॅलन ३९, किमेल ४६. जाहिरातदार पैसे मोजतात ते १८ ते ४९ वयाच्या प्रेक्षकांचे. शिवाय फॅलनचे खेळ आणि गाणी तुकड्यातुकड्यांनी यूट्यूबवर फिरत होती. लेटरमनच्या कार्यक्रमाला त्या बाजाराचं सोयरसुतक नव्हतं.

वर्तमानपत्रांनी दहा-पंधरा नावं उडवली. ती एकेक करून करारांच्या चाळणीत घातली की चित्र स्पष्ट होतं.

क्रेग फर्ग्युसन घरचा आणि हुशार. त्याच्या करारात बढतीचं वचन, नाहीतर काही दशलक्ष डॉलरची भरपाई, असं कलम असल्याच्या बातम्या होत्या. त्याची शैली मुद्दाम विस्कळीत, सोबतीला सांगाड्याचा यंत्रमानव. रात्री साडेबाराला ते शोभतं. बातम्या बघून झोपायच्या तयारीत असलेल्या घराला ते झेपलं असतं का, याबद्दल वाहिनी साशंक होती. आणि तो लेटरमनच्या कंपनीचा माणूस, हेही विसरून चालणार नाही. सीबीएसने भरपाईचा मार्ग पत्करला. २८ एप्रिलला फर्ग्युसनने आपणही डिसेंबरमध्ये जाणार असल्याचं सांगितलं.

'डेली शो' या बातम्यांची टर उडवणाऱ्या कार्यक्रमाचा होस्ट जॉन स्ट्युअर्ट याचा कॉमेडी सेंट्रलशी करार २०१५ च्या मध्यापर्यंत होता आणि रोजच्या कार्यक्रमाचा त्याला कंटाळा आल्याची चिन्हं दिसत होती. २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्याने 'डेली शो' सोडलाच. ओब्रायन टीबीएस या केबल वाहिनीशी बांधलेला. नट नील पॅट्रिक हॅरिसशी बोलणं झालं होतं, पण रोज तेच ते करणं आपल्याला जमणार नाही असं त्याने नंतर एका मुलाखतीत सांगितलं. चेल्सी हँडलरचा ई! वाहिनीवरचा करार २०१४ मध्ये संपत होता आणि तिने सीबीएसच्या कागदपत्रांचा फोटोही टाकला होता, पण ती गेली नेटफ्लिक्सकडे. टीना फे, एलन डिजेनेरेस वगैरे नावं बातमीदारांनी एकमेकांची वाचून लिहिलेली.

उरला कोलबेअर. २०१२ मध्ये कॉमेडी सेंट्रलशी करार वाढवताना स्ट्युअर्टने जास्त मुदत घेतली, कोलबेअरने २०१४ च्या अखेरपर्यंतचीच. ऑक्टोबर २०१३ मध्ये लेटरमनने २०१५ पर्यंतची वाढ घेतली. कोलबेअरचा एजंट जेम्स डिक्सन हा स्ट्युअर्ट आणि किमेल यांचाही एजंट. रात्रीच्या खुर्च्यांची वेळापत्रकं ज्याच्या एकट्याच्या टेबलावर पडलेली असतात, त्याने मुदत उगाच आखूड ठेवली असं कसं म्हणणार? कोलबेअर वयाने तसा तरुण नव्हता, पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. त्याचा प्रेक्षक मात्र तरुण होता, आणि त्याने 'कोलबेअर रिपोर' हा बातम्यांच्या विडंबनाचा कार्यक्रम २००५ पासून आठवड्याला चार रात्री चालवून दाखवला होता. या धंद्यात रोजचा रतीब घालायची ताकद प्रतिभेच्या बरोबरीने मोजली जाते. महिनाभर चमकणारे पुष्कळ असतात, वर्षाला दीड-दोनशे भाग काढणारे मोजके. आणि कोलबेअरचा नवा कार्यक्रम सीबीएसच्याच मालकीचा राहणार, ही अट त्याला मान्य होती.

लेटरमनचं मत घेतलं गेलं नाही. २०१५ मध्ये त्याने बोलून दाखवलं की आपल्याला विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. एखाद्या कृष्णवर्णीय किंवा स्त्री होस्टला आणायची ही संधी होती, असंही त्याच्या मनात आलं होतं. त्याचं म्हणणं रास्त होतं. फॅलन, किमेल, कोलबेअर: ११:३५ च्या तिन्ही खुर्च्यांवर सूट घातलेले गोरे पुरुष, त्यातही दोघांचं नाव जिमी. करारांची चाळण निःपक्षपाती दिसते, पण तिच्यात आधीपासून रोजचा कार्यक्रम असलेलेच उरतात, आणि तो आधी कुणाला मिळत आला हे उघड आहे.

हस्तांतर

पुढचे महिने इमारतीवरून ओढाताण चालली. लॉस एंजेलिसचा महापौर एरिक गार्सेट्टी याने मूनव्हेसला पत्र लिहून कार्यक्रम आपल्याकडे मागितला. जुलै २०१४ मध्ये सीबीएसने न्यूयॉर्क पक्कं केलं आणि बदल्यात राज्याकडून पाच वर्षांत किमान १ कोटी १० लाख डॉलरच्या करसवलती आणि थिएटरच्या डागडुजीसाठी ५० लाखांचं अनुदान पदरात पाडून घेतलं. जागा स्वतःची असताना ती सोडून जायची धमकी किती गंभीर होती, ते सीबीएसच जाणे.

तारखांची साखळी लक्षपूर्वक बघण्यासारखी आहे. 'कोलबेअर रिपोर' १८ डिसेंबर २०१४ ला संपला आणि दुसऱ्याच दिवशी फर्ग्युसनचा शेवटचा भाग झाला. १२:३५ ला तीनेक महिने पाहुणे होस्ट, मग २३ मार्च २०१५ पासून जेम्स कॉर्डन. लेटरमनचा शेवट २० मे २०१५ ला. आधी एनबीसी आणि मग सीबीएस मिळून त्याचे ६,०२८ भाग झाले होते आणि शेवटचा सुमारे १ कोटी ३७ लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी सेट मोडून कचऱ्याच्या डब्यांत टाकला गेला आणि चाहत्यांनी त्यातून तुकडे उचलून नेले. वस्तुसंग्रहालयाला फोन करायचं कुणाला सुचलं नसावं.

कोलबेअर सुरू झाला ८ सप्टेंबरला. मधले साडेतीन महिने ११:३५ ला सीबीएसच्या मालिकांचे जुने भाग लागत होते. सबब होती थिएटरची: लेटरमनच्या काळात ध्वनिरोधक आवरणाखाली झाकलेला घुमट उघडायचा, रंगीत काचा परत लावायच्या, नवा सेट उभारायचा. ४६१ खुर्च्यांचं सभागृह चारशेच्या आत आणलं गेलं. घुमट सुंदर दिसला, यात वाद नाही. पण रात्रीचा टीव्ही सवयीवर चालतो. शेवटच्या भागाला आलेले सव्वा कोटीच्या वर लोक मे महिन्यात मोकळे झाले, आणि उन्हाळाभर त्यांना फॅलन किंवा किमेलकडे जायला वाट मोकळी होती. एनबीसीने लेनो ते फॅलन हे अंतर अकरा दिवसांवर ठेवलं होतं, तेही हिवाळी ऑलिंपिकच्या काळात, आणि त्याच ऑलिंपिकच्या प्रक्षेपणात नव्या कार्यक्रमाची जाहिरात मनसोक्त केली.

काय बिघडलं

पहिल्या रात्री सुमारे ६६ लाख प्रेक्षक, पाहुणे जॉर्ज क्लूनी आणि जेब बुश. तो भाग जेमतेम हवेवर गेला. चित्रीकरण फार लांबलं आणि संकलनाची यंत्रणा ऐन वेळी कोलमडली, हे कोलबेअरने दुसऱ्या रात्री स्वतःच सांगितलं. ११:३५ ते १२:३७ च्या खिडकीत जाहिराती वजा जाता चाळीसेक मिनिटं उरतात. तासभर जास्त चित्रित केलं की कापाकापी संध्याकाळी करावी लागते, आणि तेव्हा एक यंत्र जरी बंद पडलं तरी तोंडचं पाणी पळतं. पहिल्या दिवसाची गडबड म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण दुखणं तिथेच दिसत होतं. निर्मितीचा अंतिम शब्द, लेखन, पाहुण्यांची निवड, दिवे, संकलन, सगळं कोलबेअरच बघत होता. कॉमेडी सेंट्रलवर अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला, एका ठरलेल्या साच्यात, ते जमून गेलं होतं. इथे दुप्पट वेळ आणि पाच रात्री.

दुसरं कारण जास्त खोल. नऊ वर्षं लोकांनी कोलबेअरला पाहिलं ते एका सोंगात: आत्मसंतुष्ट, आक्रस्ताळा, उजव्या विचारांचा निवेदक. सोंग टाकून आलेला माणूस सभ्य, अभ्यासू, श्रद्धाळू कॅथलिक निघाला. प्रश्न चांगले विचारी, पण विनोदाला धार कुठून आणायची हे ठरलेलं नव्हतं. सीबीएसलाही सगळ्यांना चालेल असा माणूस हवा होता. त्यामुळे सुरुवातीची एकपात्री टिप्पणी तुटक, मग शीर्षक, मग टेबलावरचे तुकडे, मग कंपन्यांचे प्रमुख, राजकारणी, नट यांची सरमिसळ. सोंग परत आणावं तर त्यावर जुन्या वाहिनीच्या मालकांचा हक्क. २०१६ च्या उन्हाळ्यात ते पात्र एकदा आणलं तेव्हा वकिलांचा निरोप आला, आणि मग त्याने त्या पात्राचा हुबेहूब दिसणारा जुळा चुलतभाऊ मंचावर आणला.

या काळातही चांगलं काही घडलं नाही असं नाही. मुलाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी जो बायडन येऊन बसला तो सप्टेंबर २०१५ चा भाग आजही बघावा. पण असा भाग वर्षातून एकदा होतो. इतर रात्रींना चालणारा साचा लागतो, आणि तोच नव्हता. प्रेक्षकसंख्या फॅलनच्या मागे राहिली आणि १२:३५ चा कॉर्डन गाडीतल्या गाण्यांच्या चित्रफितींनी भाव खाऊन गेला. २०१६ च्या सुरुवातीला दोघांची अदलाबदल होणार अशी कुजबुज छापून यायला लागली.

दुरुस्ती

एप्रिल २०१६ मध्ये ख्रिस लिक्ट शोरनर, म्हणजे कार्यक्रमाचा रोजचा कारभार बघणारा प्रमुख निर्माता, म्हणून आला. हा विनोदातला माणूस नव्हे. सीबीएसच्या सकाळच्या बातम्यांचा निर्माता, रोज सकाळी दोन तास घड्याळाबरहुकूम काढणारा. त्याने कोलबेअरच्या हातातून व्यवस्थापनाचे निर्णय काढून घेतले आणि त्याच्याकडे दोनच कामं ठेवली: लिहिणं आणि सादर करणं. भागाची रचना बदलली. आधी छोटा तयार तुकडा, बहुधा त्या दिवसाच्या बातमीची चित्रफीत मोडतोड करून केलेला, मग शीर्षक, मग दहा-बारा मिनिटांची सलग टिप्पणी. विषय एकच: आज काय झालं. ज्यासाठी कोलबेअर आधीपासून ओळखला जात होता ते, फक्त आता सोंगाशिवाय.

जुलै २०१६ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीआधीच्या दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांच्या काळात दोन आठवडे थेट प्रक्षेपण केलं. थेट म्हणजे जास्तीचं चित्रित करायची सोयच नाही. पहिल्या रात्रीचं दुखणं सक्तीने बरं झालं. सप्टेंबरमध्ये फॅलनने डोनाल्ड ट्रम्पचे केस लाडाने विस्कटले आणि बरेच प्रेक्षक त्याच्यावर उखडले. ट्रम्प निवडून आल्यावर रोज रात्री बातम्यांनंतर लोकांना नेमकं जे ऐकायचं होतं, ते सीबीएसवर तयार होतं. २०१७ च्या सुरुवातीला कोलबेअरने एकूण प्रेक्षकांत फॅलनला गाठलं आणि २०१६-१७ च्या हंगामात पहिलं स्थान घेतलं. १८ ते ४९ च्या गटात पुढे जायला आणखी काही हंगाम गेले.

यातलं किती श्रेय लिक्टचं आणि किती ट्रम्पचं, यावर वाद होतो. लिक्टचं पारडं थोडं जड मानावं. बातमीचा पाऊस सगळ्यांवरच पडत होता, पण तो रोज संध्याकाळपर्यंत अडवून साठवायची यंत्रणा २०१५ च्या शरदात कोलबेअरकडे नव्हती. ती एप्रिल २०१४ मध्येच, होस्टबरोबरच, नेमता आली असती. वाहिनीकडे सतरा महिने होते.

लेटरमनची गोष्ट वेगळ्याच वाटेने गेली. नेटफ्लिक्सवर त्याने मुलाखतींची मालिका सुरू केली, त्यात २०१९ मध्ये शाहरुख खानबरोबरचा भाग आला. २०२२ मध्ये त्याने जुन्या भागांच्या चित्रफितींचं स्वतःचं यूट्यूब दालन उघडलं. मालकी हातात ठेवली होती त्याचं फळ. कोलबेअरकडे ती नाही.

तो फरक जुलै २०२५ मध्ये पुढे आला. २०२३ मध्ये वाढवलेला कोलबेअरचा करार मे २०२६ ला संपणार होता, आणि त्याच तारखेला 'लेट शो'च बंद करत असल्याचं सीबीएसने जाहीर केलं. वारस नेमायचा नाही, नावही निवृत्त. कार्यक्रमाला वर्षाला सुमारे चार कोटी डॉलरचा तोटा होत असल्याच्या बातम्या आल्या आणि वाहिनीने निर्णय निव्वळ आर्थिक असल्याचं सांगितलं. त्याच्या तीनच दिवस आधी कोलबेअरने, सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटने ट्रम्पने भरलेल्या खटल्यात त्याच्याशी दीड कोटीहून जास्त डॉलरला केलेल्या तडजोडीला कार्यक्रमात लाच म्हटलं होतं, आणि पॅरामाउंटच्या विलीनीकरणाला तेव्हा सरकारी मंजुरी हवी होती. पैशाचं कारण खोटं नाही. रात्रीच्या कार्यक्रमांच्या जाहिराती काही वर्षांत निम्म्यावर आल्या आहेत. वेळेबद्दलचा संशयही उगाच नाही.

२००२ मध्ये एबीसीने लेटरमनला ओढायचा प्रयत्न केला तेव्हा तो आपली निर्मिती कंपनी उचलून जाऊ शकत होता, म्हणून सीबीएसला त्याची मनधरणी करावी लागली. २०२५ मध्ये कार्यक्रम सीबीएसचा, थिएटर सीबीएसचं, आणि कोलबेअरचा पगारी करार संपत आलेला. बंद करायला कुणाची सही लागत नव्हती. 'लेट शो'नंतरची वेळ तर त्याआधीच मोकळी झाली होती. सप्टेंबर २०२५ पासून ती माध्यम-उद्योजक बायरन ॲलनच्या कंपनीने घेतली आहे: वेळेचं भाडं ती सीबीएसला भरते आणि जाहिराती स्वतः विकते.